घुबडाच्या नावात चेटकीण कुठून आली?

प्रश्न : आदरणीय बाई, मी शहादा तालुक्यातली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये घुबडांचा गण ‘स्ट्रिगिफॉर्मीस’ असा लिहावा लागतो. सरांनी अर्थ सांगितला, ‘घुबडाच्या रूपाचे’. मी मोबाईलवर शोधलं, तर ‘स्ट्रिक्स’ म्हणजे घुबड हे सापडलं, पण त्याच्याच खाली ‘स्ट्रिगा’ म्हणजे चेटकीण असंही होतं. हौसेनं आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग मी इतकी वर्षं काय वेगळं सांगत होते?” आता घरात माझंच हसं होतंय. नाव शास्त्राचं, मग त्यात चेटकीण कशी शिरली? आणि मूळ शब्द ‘स्ट्रिक्स’ आहे तर गणाच्या नावात ‘स्ट्रिग’ का?

उत्तर : आजीला माझा नमस्कार सांग. आणि हसं झालं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. या एका शब्दापायी माझंही चारचौघांत झालेलं आहे. ते पुढे येईलच.

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते. ‘सोपा प्रश्न आधी सोडवा’ असं पोरांना सांगता सांगता मलाच ती सवय लागली. लॅटिनमध्ये शब्दाला प्रत्यय लागताना त्याचं रूप बदलतं. आपल्याकडे नाही का, घोडा एकटा उभा असेल तोवर घोडा. ‘ला’ लागला की ‘घोड्याला’. ‘घोडाला’ म्हटलं की पहिलीतलं पोरही हसतं. संस्कृत घेतलं असशील तर ‘वाक्’ आठव. एकटी असताना वाक्, षष्ठीत ‘वाचः’. तसंच स्ट्रिक्सचं. षष्ठीत ते ‘स्ट्रिगिस’ होतं. म्हणजे शब्दाचं खरं अंग ‘स्ट्रिग’, त्याला शेवटी ‘स्’ चिकटला की ‘ग्’चा ‘क्’ होतो आणि कानावर ‘क्स’ पडतं. गणाचं किंवा कुळाचं नाव बांधताना हे अंग घ्यायचं असतं. ‘फॉर्मीस’ म्हणजे त्या रूपाचे. तुमचे सर चुकलेले नाहीत. पक्ष्यांच्या गणांना हेच शेपूट लावतात : चिमणीवरून पॅसेरिफॉर्मीस, पोपटांचा सिटॅसिफॉर्मीस, पारव्यांचा कोलंबिफॉर्मीस. घुबडांच्या गणात कुळं दोन : गव्हाणी घुबडांचं टायटोनिडी आणि बाकी सगळ्यांचं स्ट्रिजिडी. जर्नलपुरतं एवढं पुरे.

आता माझी गोष्ट. पस्तीसेक वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एका मुलीनं हाच अर्थ विचारला होता. शाळेच्या ग्रंथालयात पुठ्ठा सुटलेला एक जुना लॅटिन-इंग्रजी कोश होता. त्यात मी ‘स्ट्रिक्स’ काढला आणि समोर अर्थ दिसला : खाच, पन्हळ. दगडी खांबांवर वरून खाली कोरलेल्या खाचांना रोमन लोक असं म्हणत. मला वाटलं, सापडलं! घुबडाच्या छातीवर उभ्या रेघा असतातच की. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून मोकळी झाले : ‘छातीवरील पन्हळीसारख्या रेषांमुळे हे नाव’. मुलांनी उतरवून घेतलं. कोशात त्याच्याच पुढच्या ओळीला दुसरा ‘स्ट्रिक्स’ होता, तो बघायची तसदी मी घेतली नाही. रूप एक, शब्द दोन. आपल्याकडे ‘ती माळ’ गळ्यात घालतात आणि ‘तो माळ’ गावाबाहेर असतो, तसं. कितीतरी वर्षांनी त्याच वर्गातला एक जण, आता स्वतः शिक्षक झालेला, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर उठून म्हणाला, “बाई, ते पन्हळीचं चुकलं होतं बरं का.” त्या चाळीस-बेचाळीस वह्या कुठे रद्दीत गेल्या असतील तर बरं.

तर खरा अर्थ काय? किंकाळी. ग्रीकांचं ‘स्ट्रिक्स’ लॅटिनमध्ये गेलं आणि त्याच्या मुळाशी चिरकण्याचा आवाज आहे. एकदा मोठ्यानं म्हणून बघ, स्ट्रिक्स्! मांजरपाट फाडल्यासारखं वाटतं ना? रात्री दोन वाजता धाब्याच्या घरावरून गव्हाणी घुबड ओरडत गेलं की अस्साच आवाज होतो. बाहेर खाटेवर झोपणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हे माझं अनुमान नव्हे, ओव्हिड या रोमन कवीनं दोन हजार वर्षांपूर्वी ‘फास्टी’ नावाच्या काव्यात स्पष्ट लिहून ठेवलंय की, ही पाखरं रात्री भयंकर किंचाळतात म्हणून त्यांना हे नाव पडलं.

आणि तिथेच तुझ्या आजीची चेटकीणही आहे. ओव्हिडनं सांगितलेली गोष्ट अशी : मोठं डोकं, रोखलेले डोळे, आकडीसारख्या नख्या असलेली ही पाखरं रात्री उडत येतात आणि दाई जवळ नसलेल्या तान्ह्या बाळांचं रक्त पितात. ती जन्मानंच पाखरं असतात की मंत्राच्या जोरावर म्हाताऱ्याच पाखरं होतात, हे त्यालाही सांगता येत नाही. प्रोका नावाचं राजघराण्यातलं बाळ होतं, त्याच्यावर ही पाखरं तुटून पडली. बाळ त्या वेळी किती दिवसांचं होतं? पाच दिवसांचं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून क्षणभर बसून राहिले. आपल्याकडे पाचवीची रात्र कशी जागवतात, तू पाहिलं असशील. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला लिंबाचा डहाळा, उशाला विळा, आणि दिवा विझू द्यायचा नाही. ओव्हिडच्या गोष्टीत कार्ना ही देवता येते. ती डहाळीनं चौकटीला तीनदा आणि उंबऱ्याला तीनदा स्पर्श करते, दारात पाणी शिंपडते, दोन महिन्यांच्या डुकराची आतडी पाखरांपुढे ठेवते आणि म्हणते, जीवाच्या बदल्यात हा जीव घ्या. मग खिडकीत पांढऱ्या काट्याची फांदी खोचते. बाळ वाचतं. टायबर नदीच्या काठावरची बाई आणि तापीच्या काठावरची बाई एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. पण दोघींच्या घरांना एकाच प्रकारची दारं होती, आणि दोघींची तान्ही बाळं कारण न कळता दगावत होती.

प्लिनी हा रोमन मात्र जरा आपल्या विज्ञान शिक्षकांच्या जातीचा. त्यानं लिहिलं की, स्ट्रिक्स बाळांना पाजते वगैरे सगळ्या दंतकथा आहेत. हा शब्द जुन्या शिव्याशापांत आहे एवढं खरं, पण तो नेमक्या कोणत्या पक्ष्याचा, यावर एकमत नाही. म्हणजे त्या काळीच शब्द पाखरापासून सुटून शिवीत जाऊन बसला होता. त्याच शब्दाचं ‘स्ट्रिगा’ झालं, त्यावरून इटालियन भाषेत चेटकिणीला ‘स्ट्रेगा’ म्हणतात आणि रुमानियात भुताला ‘स्ट्रिगोई’. पुढे १७५८ साली सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सगळ्या घुबडांना एकाच प्रजातीत घातलं आणि तिला ‘स्ट्रिक्स’ हे नाव दिलं. त्याला चेटकिणीशी कर्तव्य नव्हतं, घुबडासाठी एक लॅटिन शब्द हवा होता. शब्दाबरोबर त्याचं सासर-माहेर आपसूक आलं.

म्हणजे क्रम असा : आधी आवाज, मग पाखरू, मग चेटकीण. आजी म्हणतात त्याच्या उलट. पाखरावरून चेटकिणीला नाव पडलं, चेटकिणीवरून पाखराला नाही. एवढं ठणकावून सांग. मात्र आजींची बाजू पार लंगडी आहे असंही समजू नकोस, कारण त्यांच्या बाजूला साक्षात ऋग्वेद उभा आहे. सातव्या मंडलातल्या एका सूक्तात इंद्राला विनवलंय : ‘उलूकयातुं शुशुलूकयातुं जहि’. घुबडाच्या रूपात येणाऱ्या आणि पिंगळ्यासारख्या लहान घुबडाच्या रूपात येणाऱ्या मायावी दुष्टाला मार. दहाव्या मंडलात तर ‘यदुलूको वदति मोघमेतत्’, घुबड जे बोलेल ते फुकट जावो, अशी प्रार्थनाच आहे. माझी आजी रात्री घुबड बोललं की थुंकून म्हणायची, “रातले त्यानं नाव लेवू नही.” म्हणजे रात्री त्याचं नाव घेऊ नये. तिला अक्षरओळख नव्हती, पण मागणं तेच होतं. घुबडाला दगड मारला की ते तो दगड झेलून नदीवर नेतं आणि घासत बसतं, दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हेही तिनंच सांगितलेलं. या एका समजुतीबद्दल मी तिच्यावर कधी रागावले नाही. निदान तिच्यामुळे आमच्या गल्लीतल्या पोरांनी घुबडाला दगड मारला नाही.

‘उलूक’ हाही आवाजच बरं का. लॅटिनमध्ये घुबडाला दुसरा शब्द ‘उलुला’ असा आहे, आणि ‘उलुलारे’ म्हणजे आक्रोश करणं. बायका मंगलकार्यात जीभ हलवून जो ध्वनी काढतात त्याला संस्कृतात ‘उलूलु’ म्हणतात. मोठ्या शृंगी घुबडाचं शास्त्रीय नाव ‘बुबो’, लॅटिन लोकांच्या कानांना ते ‘बू-बो’ असं घुमताना ऐकू आलं. आपल्याकडे त्याच घुमण्याचा ‘घूत्कार’ झाला आणि संस्कृतात ‘घूक’. माणसं निजलेली असताना जे दिसत नाही, त्याला ऐकू येईल तसंच नाव ठेवावं लागतं.

यात एक गंमत आहे, ती जर्नलमध्ये लिहू नकोस, गुण मिळणार नाहीत. आज ‘स्ट्रिक्स’ हे प्रजातीचं नाव ज्यांच्याकडे आहे ती घुबडं किंचाळणारी नाहीत, घुमणारी आहेत. आपल्याकडच्या जुन्या आमरायांत आणि चिंचांच्या झाडांवर एक मोठं, राखी-तपकिरी, अंगभर नक्षी असलेलं घुबड असतं, ते ‘स्ट्रिक्स ओसेलाटा’. ओसेलाटा म्हणजे डोळ्यांसारखे लहान ठिपके असलेलं. ते संध्याकाळी कापऱ्या आवाजात लांब घुमतं. आणि खरी किंकाळी जे मारतं ते गव्हाणी घुबड? ते ‘टायटो’. ग्रीकांच्या ‘तुतो’वरून, म्हणजे ‘तू-तू’ करणारं. प्लॉटस नावाच्या रोमन नाटककाराच्या एका प्रहसनात नवऱ्याची चोरी पकडली जाते, बायको त्याला ‘तू, तू’ म्हणत बोट दाखवते. लॅटिनमध्येही ‘तू’ म्हणजे तूच. तेव्हा शेजारचा फुकट्या म्हणतो, “एखादं घुबड आणून ठेवू का, तुला सारखं तू-तू म्हणायला? आम्ही तर दमलो.” इतकं सगळं असून गव्हाणी घुबड तू-तू करतच नाही, ते फिसकारतं आणि किंचाळतं. घुमणाऱ्याचं नाव किंचाळणाऱ्याला आणि किंचाळणाऱ्याचं घुमणाऱ्याला गेलं. जत्रेत चपलांची अदलाबदल व्हावी तसं.

मराठी नाव जास्त चोख आहे. गव्हाणी, म्हणजे गव्हाणीच्या आसपास राहणारं. गोठ्यात गव्हाण, गव्हाणीत कडबा, कडब्याखाली सांडलेले दाणे, दाण्यांना उंदीर आणि उंदरांवर हे घुबड. त्याचं सगळं चरित्र एका शब्दात आलं. आमच्या गावच्या वाड्यात माळ्यावर जोडी असायची. सकाळी खाली काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असत. लहानपणी आम्ही त्या काडीनं उकलायचो, आत उंदरांचे केस आणि दातांसकट कवट्या. घुबड शिकार अख्खी गिळतं आणि न पचलेलं असं ओकून टाकतं. कॉलेजात मागितलं तर अशी एखादी गोळी प्रात्यक्षिकाला नेऊन दाखव, सर खूश होतील.

आणि शेवटचं, जरा गंभीरपणे. तू सातपुड्याच्या पायथ्याची आहेस. ‘डाकीण’ हा शब्द आपल्या भागात कोणाकोणाच्या दाराशी जाऊन थांबलाय आणि पुढे काय झालंय, हे तुला मी सांगायला नको. त्याविरुद्ध २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आजींना स्ट्रिगाची गोष्ट जरूर सांग, पण ती सांगताना हेही सांग.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मुक्काम जळगाव. अंगणातल्या लिंबावर पिंगळ्याचं जोडपं आहे. नातवानं फोटो काढून मोबाईलमधल्या अ‍ॅपला विचारलं, तर नाव आलं ‘अथीनी ब्रामा’. हा ब्रामा म्हणजे आपला ब्रह्मदेव काय? दुसरं, शहाद्याकडे सापडलेल्या त्या दुर्मीळ पिंगळ्याचं नाव एका लेखात ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ होतं, तर दुसऱ्यात ‘अथीनी ब्लेविटी’. खरं कोणतं?

उत्तर : हो आप्पा, ब्रामा म्हणजे ब्रह्मदेवच. टेमिंक नावाच्या डच पक्षीशास्त्रज्ञानं १८२१ साली हे नाव ठेवलं. ‘अथीनी’ ही ग्रीकांची बुद्धीची देवता, पिंगळा तिचा पक्षी. ग्रीसमधलं छोटं घुबड, ‘अथीनी नॉक्टुआ’, हे तुमच्या पिंगळ्याचं सख्खं चुलतभावंड. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर ते आहे आणि आजच्या ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावरही तेच छापलंय. ‘अथेन्सला घुबडं नेणं’ अशी तिकडची म्हणच आहे, आपण रावेरला केळी घेऊन जावं तसं. तर तुमच्या लिंबावर एकाच पाखराच्या रूपानं ग्रीक सरस्वती आणि ब्रह्मदेव शेजारी बसलेत, आणि खाली नातू त्यांचा फोटो काढतोय. ‘पिंगळा’ हे आपलं नावही लहान नाही. पिंगल म्हणजे पिवळसर तपकिरी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत शकुनाच्या पक्ष्यांमध्ये पिंगला आहे. पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगत येणारा पिंगळा तुम्हाला लहानपणचा आठवत असेल. पाखराची भाषा आपल्याला कळते असं तो सांगायचा, म्हणून त्याला पाखराचंच नाव.

आता शहाद्याच्या पाखराकडे येते. हा माझ्या अगदी जवळचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. माफ करा.

अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच. ते पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर-बसना भागात एक पिंगळा मारून त्यांच्याकडे पाठवला. ह्यूम यांनी पाहिलं, हा नेहमीचा पिंगळा नव्हे. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीतच, पंख आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, नख्या दांडग्या. १८७३ साली त्यांनी त्याला नाव दिलं ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’. हेटेरो म्हणजे निराळं, ग्लॉक्स म्हणजे ग्रीक भाषेतलं छोटं घुबड. निराळं घुबड, ब्लेविटचं. शेवटचा ‘ई’ म्हणजे षष्ठीचा प्रत्यय, आपला ‘चा’.

या पक्ष्याचे नमुने जमले ते हा पहिला धरून एकूण सात. त्यातले बरेचसे आपल्या भागातले. डेव्हिडसन नावाचे अधिकारी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशात होते. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, पूर्व-पश्चिम अशी वाटणी १९०६ ची. त्यांनी शहादा-तळोद्याकडची ही पाखरं गोळा केली. १८८४ नंतर मात्र कोणाला दिसलं नाही. फक्त एक नोंद होती, कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची : १९१४, गुजरातेत तापीकाठचं मांडवी. शोधणारे त्या नोंदीवर विसंबून तिकडेच जात राहिले.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंना माइनर्ट्झहागेनच्या संग्रहाविषयी संशय होता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. टाके, कापूस, तार, सगळं पाहिलं. तेव्हा लक्षात आलं, हे मांडवीचं पाखरू नव्हेच. डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेला आणि लंडनच्या संग्रहालयात ठेवलेला जुना नमुना या महाशयांनी चोरला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवला होता. आपल्या सातपुड्याचं पाखरू मेल्यानंतरही पळवलं गेलं, आणि वर त्याला परगावचा पत्ता चिकटवला! मग रासमुसेनबाईंनी मांडवीचा नाद सोडला आणि खऱ्या नोंदींच्या ठिकाणी जायचं ठरवलं. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह त्या शहाद्याला आल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात त्यांना तो दिसला, निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला. ११३ वर्षांनी.

त्या सकाळी मी काय करत होते, सांगू? त्याच शहाद्यात नववी ‘ब’ला जीवशास्त्र शिकवत होते. जगातले पक्षीवाले आमच्या रानाचं नाव घेत होते आणि आमच्या शाळेत कोणाला पत्ता नव्हता. मला कळलं ते कित्येक दिवसांनी, पुडी बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून. पुढे एकदा तोरणमाळच्या वाटेवर एका वनरक्षकानं मला तो दाखवला. सकाळचे दहा वाजले असतील. सालईच्या वाळक्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवी झटकत होता, तोंडात सरडा. हा पिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. कालिदासानं कुमारसंभवात हिमालयाच्या गुहेत लपलेल्या अंधाराला ‘दिवाभीत’ म्हटलं, दिवसाला भिणाऱ्या घुबडासारखा. तो शब्द आपण सरसकट सगळ्या घुबडांना लावतो. सातपुड्यातल्या या गृहस्थाला तो लावला तर त्याचा अपमान होईल.

आता तुमच्या दोन नावांविषयी. ‘निराळं घुबड’ खरंच इतकं निराळं आहे का, यावर शंभर-सव्वाशे वर्षं घोळ चालला. कोणी म्हणे, हा अथीनीच, नेहमीच्या पिंगळ्याचा भाऊ. १९९७ नंतर शरीररचना नीट तपासून पुन्हा ‘हेटेरोग्लॉक्स’च्या बाजूनं मत पडलं. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनए तपासला, तेव्हा तो अथीनीच्या घरातलाच निघाला. म्हणून अलीकडची पुस्तकं ‘अथीनी ब्लेविटी’ लिहितात, जुनी ‘हेटेरोग्लॉक्स’. पाखरू तेच, तुमचे दोन्ही लेख बरोबर. आडनाव बदललं, माणूस नाही. मला विचाराल तर ‘हेटेरोग्लॉक्स’ गेलं याची थोडी चुटपूट लागली. इतकं सरळ आणि अर्थाचं नाव फार पक्ष्यांच्या वाट्याला येत नाही.

मराठीतला घोळ याहून मोठा आहे. वर्तमानपत्रं याला ‘रानपिंगळा’ म्हणतात, काही पुस्तकं ‘वनपिंगळा’. शिवाय अंगभर बारीक पट्टे असलेला एक तिसराच पिंगळा आहे, ‘ग्लॉसिडियम रेडियाटम’, त्यालाही कोणी रानपिंगळाच म्हणतं. रान आणि वन यांत तुम्ही-आम्ही काय फरक करणार? अशा वेळी लॅटिन नाव कामाला येतं, मग ते कितीही अवघड वाटो. आणि ही सगळी नावं काही लॅटिन-ग्रीकच असतात असंही नाही. आपल्याकडच्या एका लहान शिंगवाल्या घुबडाचं नाव ‘ओटस बक्कामोएना’. ओटस म्हणजे ग्रीक ‘कान’वाला, आणि बक्कामोएना हा सिंहली भाषेतला घुबडाचा शब्द. नदीकाठच्या मासे खाणाऱ्या घुबडाचं ‘केतुपा’ मलय भाषेतून आलंय. या नावांत सिंहली शिरली, मलय शिरली, आमची अहिराणी तेवढी राहून गेली. जाता जाता, डोक्यावरच्या त्या पिसांच्या तुऱ्यांना ग्रीकांनी कान म्हटलं आणि आपण ‘शृंगी’ म्हणून शिंगं. दोन्ही खोटं. नुसती पिसं आहेत. खरे कान चेहऱ्याच्या कडेला पिसांत दडलेले असतात.

प्रश्न : मला काचबिंदू झाला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ग्लॉकोमा’ लिहिलं. मुलगा म्हणतो, हा शब्द घुबडावरून आला. थट्टा करतो की खरं? (एक वाचक भगिनी, भुसावळ)

उत्तर : थट्टा करत असेल, पण थोडी खरी थट्टा आहे, ताई. ग्रीक भाषेत ‘ग्लॉकोस’ म्हणजे चकाकणारं, आणि निळसर-हिरवट करडंही. बाहुलीत तशी झाक दिसू लागली की जुने ग्रीक वैद्य त्यावरून रोगाचं नाव ठेवायचे, त्यातूनच ग्लॉकोमा. आणि घुबडाचं ‘ग्लॉक्स’ हेही अंधारात चमकणाऱ्या डोळ्यांमुळे त्याच शब्दातलं मानतात. अथीनीला होमर ‘ग्लॉकोपिस’ म्हणतो. त्याचा अर्थ चमकत्या डोळ्यांची की घुबडडोळी, यावर पंडित अजून भांडताहेत. म्हणजे रोग घुबडावरून नाही आला, दोघं एका आईची लेकरं आहेत. आपल्या वैद्यांनीही काच आणि मोती असे चकाकणारेच शब्द घेतले, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

काचबिंदूत आतला दाब वाढून डोळ्याच्या शिरेला इजा होते आणि गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. मुलाला म्हणावं, घुबडाची गोष्ट राहू दे, रात्रीच्या थेंबांची आठवण तेवढी करत जा.